बांध नसलेले शिवार

(द्वितीय वर्ष कला)

इंग्रजी विषय घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना इंग्लंडमधील खेडे प्रथम भेटते ते पुस्तकातून. ऑलिव्हर गोल्डस्मिथची १७७० साली प्रसिद्ध झालेली ‘दि डेझर्टेड व्हिलेज’ ही कविता किंवा टॉमस हार्डीच्या कादंबऱ्या आपण वाचतो आणि चर्चचा मनोरा, हिरवी कुरणे, मेंढ्यांचे कळप, संध्याकाळी गुत्त्यात जमलेली माणसे असे एक चित्र मनात तयार होते. चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्या गावचा शेतकरी सकाळी उठून कोणत्या शेतात जाई, ते शेत कोणाच्या मालकीचे असे, शेजाऱ्याने नांगर चार तास अलीकडे घातला तर दाद कोणाकडे मागे, हे त्या चित्रात दिसत नाही. शेतकऱ्याच्या घरातून कॉलेजात आलेल्या मुलीला मात्र हेच प्रश्न आधी पडतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कवितेच्या आधी सातबारा, खातेफोड आणि बांध हे शब्द माझ्या कानांवर पडले. म्हणूनच इंग्लंडमधील एका लहानशा शेतकरी गावाची माहिती वाचकांपुढे मांडावी असे वाटले. त्या गावाचे नाव लॅक्स्टन.

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशायर परगण्यात, रॉबिन हूडच्या कथांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या शेरवुड जंगलाच्या पूर्वेस आहे. वस्ती अवघी काही शेकड्यांची. एकच मुख्य रस्ता, एक चर्च, एक गुत्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतकऱ्यांची घरे. प्रवाशाने मोटार थांबवावी असे प्रथमदर्शनी तेथे काहीच नाही. तरीही जगभरचे इतिहासाचे अभ्यासक या गावाला भेट देतात. मध्ययुगात इंग्लंडच्या फार मोठ्या भागात जी शेतीची सामाईक पद्धत होती, ती तिच्या पंचांसह आणि न्यायसभेसह आजही चालू आहे ती येथे. डेव्हन परगण्यातील ब्रॉन्टन किंवा लिंकनशायरमधील ॲक्सहोम या ठिकाणी जुन्या पट्ट्यांची शेते अजून पाहावयास मिळतात. परंतु शेताबरोबर शेताचा कारभारही टिकला आहे, असे गाव म्हणजे लॅक्स्टन.

गावाची ठेवण

या गावाची नोंद १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’मध्ये आहे. नॉर्मन राजा विल्यम याने इंग्लंड जिंकल्यावर देशातील जमिनीची, नांगरांची व माणसांची जी मोजदाद करविली, तिचे हे दप्तर. चर्चच्या उत्तरेला मातीच्या उंच टेकाडाच्या रूपाने नॉर्मन काळातील किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. शेरवुडच्या राजजंगलाची रखवाली ज्या घराण्यांकडे वंशपरंपरेने होती त्यांचे हे ठाणे. आज त्या टेकाडावर गवत आहे. किल्ला गेला, सरदार गेले, आणि ज्यांच्या श्रमावर किल्ला उभा राहिला त्यांची शेते मात्र राहिली.

गावातून चालताना एक गोष्ट लक्षात येते. शेतकऱ्यांची घरे शेतात नाहीत, गावात आहेत. लाल विटांची, कौलारू घरे रस्त्याकडे बाजू करून उभी असतात. घरामागे अंगण, गोठे, कोठारे आणि त्यापलीकडे लांबट परसू. आपल्याला यात नवल वाटणार नाही, कारण आपल्याकडेही गावठाण वेगळे आणि शिवार वेगळे असते. इंग्लंडमध्ये मात्र हे आता सर्वत्र दिसत नाही. जेथे शेतांना कुंपणे पडली तेथील पुष्कळ शेतकरी आपापल्या सलग जमिनीत घर बांधून राहू लागले आणि गावापासून दूर गेले. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला तसे करता येईना. त्याची जमीन एका जागी नव्हतीच. ती शिवारभर विखुरलेली होती. सर्वांना सारखेच जवळ असे ठिकाण एकच, ते म्हणजे गाव. त्यामुळे शेतावर जाता-येता शेजारी शेजाऱ्याला रोज भेटत राहिला. या गावाचा स्वभाव घडविण्यात या रोजच्या भेटीचा वाटा मोठा आहे.

तीन शेते, तीन वर्षे

लॅक्स्टनच्या शिवारात तीन मोठी खुली शेते आहेत. एक पश्चिमेचे, एक दक्षिणेचे आणि एक गिरणीचे शेत. या तिसऱ्या शेतात पूर्वी पवनचक्की होती, त्यावरून ते नाव पडले. तिन्ही मिळून आज सुमारे पाचशे एकर भरतात. जुन्या काळी क्षेत्र याहून पुष्कळ मोठे होते. या शेतांत कुंपण नाही, आपल्यासारखा मातीचा बांधही नाही. शेत सलग दिसते, पण ते लांबट पट्ट्यांत वाटलेले असते आणि एकेका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत पसरलेल्या असतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना खुंट ठोकलेले असतात. हद्द सांगणारी खूण तेवढीच.

पिकांची फेरपालट तीन वर्षांची. एका शेतात शरद ऋतूत गहू पेरतात, तो हिवाळाभर जमिनीत राहतो व पुढच्या उन्हाळ्यात कापणीला येतो. दुसऱ्या शेतात वसंतात सातू किंवा तशीच वसंत ऋतूतील पिके घेतात. तिसरे शेत पूर्वी पड ठेवीत. अलीकडे त्यात गवत वा चाऱ्याचे पीकही घेतात. पुढच्या वर्षी पाळी बदलते. पड शेतात गहू येतो, गव्हाच्या शेतात वसंताचे पीक आणि वसंताच्या पिकाचे शेत विश्रांती घेते. रासायनिक खत नव्हते त्या काळी जमिनीचा कस राखण्याचा हाच खात्रीचा मार्ग होता. पड पडलेल्या शेतात आणि कापणीनंतरच्या सडांत गावाची जनावरे चरत आणि त्यांच्या शेणाने शेत खतावत असे.

एकाची जमीन अशी विखुरलेली का ठेवली असावी? याची कारणे अभ्यासकांनी निरनिराळी दिली आहेत. लॅक्स्टनची जमीन चिकण मातीची आणि भारी. कोठे पाणी साचते, कोठे निचरा होतो. सर्व चांगली जमीन एकाकडे आणि सर्व पाणथळ दुसऱ्याकडे जाऊ नये, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक जागेतील थोडे थोडे मिळाले, हे एक कारण. गारपीट झाली, रोग पडला तर एकाच घराचे सारे पीक जाऊ नये, हे दुसरे. पट्टीचा लांबट आकार मात्र नांगराने ठरविला. भारी जमिनीत जड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि असा लांबलचक ताफा वळविणे मोठे जिकिरीचे काम असे. म्हणून वळणे जितकी कमी तितके बरे. तास लांब आणि पट्टी अरुंद.

या सर्व रचनेचा परिणाम असा, की कोणालाही एकट्याने शेती करता येत नसे. समजा, सर्वांनी गहू पेरला आणि एकाने आपल्या पट्टीत वसंतात पेरायचे धान्य पेरले. गहू काढून झाल्यावर गावाची जनावरे शेतात सोडायची वेळ येईल तेव्हा त्याचे पीक उभे असेल. एक तर साऱ्या गावाने त्याच्यासाठी खोळंबावे, नाही तर त्याने आपले पीक जनावरांच्या तोंडी द्यावे. म्हणून काय पेरायचे, कापणी कोणत्या दिवसापर्यंत आटोपायची, जनावरे कधी सोडायची, चर कोणी उपसायचा, हे सारे मिळून ठरवावे लागे. जनावर चुकून दुसऱ्याच्या पिकात शिरले तर गावच्या कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सोडवावे लागे. इंग्लंडच्या जुन्या खेड्यात कोंडवाडा आणि त्याचा राखणदार होता हे वाचून मला फार जवळचे वाटले. आपल्याकडील कित्येक गावांत कोंडवाड्याच्या पडक्या भिंती अजून दिसतात.

शेतांच्या मधून ओहळ वाहतात. त्यांच्या काठची ओलसर जमीन नांगराखाली येत नाही. तेथे गवत वाढते. ही गवताची जागा कोणा एकाची नाही. तिच्यावरील गवताचा दरवर्षी गावात लिलाव होतो. अलीकडच्या काळात या कोपऱ्यांना एक नवे महत्त्व आले आहे. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे तेथे जी रानफुले व गवते टिकली, ती आसपासच्या प्रदेशातून नाहीशी झाली आहेत.

सोळाशे पस्तीसचा नकाशा

या गावाचे भाग्य असे, की त्याचा एक अप्रतिम नकाशा उपलब्ध आहे. सतराव्या शतकात लंडनचे धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टीन यांनी हे गाव विकत घेतले. आपण नेमके काय घेतले हे पाहण्यासाठी त्यांनी जमिनीची मोजणी करविली. मार्क पिअर्स या मोजणीदाराने १६३५ साली नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शेतातील पट्टी न् पट्टी आखली आहे आणि सोबतच्या दप्तरात ती कोणाकडे आहे हे नोंदविले आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे इकडे महाराज पाच वर्षांचे होते त्या वेळी तिकडे एका आडगावाच्या शेताची पट्टी न् पट्टी कागदावर उतरत होती.

नकाशा काढणारा नुसता हिशेबी माणूस नसावा. त्याने शेतात नांगर धरलेली माणसे काढली, कापणी करणारी माणसे काढली, जनावरे काढली, शिकारीला निघालेले लोक काढले. मालकाला जमिनीचा हिशेब हवा होता. मोजणीदाराने त्या हिशेबात जमीन कसणारी माणसेही घातली. मला या नकाशाबद्दल वाचताना सर्वांत अधिक आवडली ती ही गोष्ट.

एकराचे कूळ

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नाही. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असते. बोलताना मात्र आपण अजून एकर आणि गुंठेच म्हणतो. ‘दोन एकर कोरडवाहू’ म्हणताना आपण ज्या मापाचे नाव घेतो ते अशाच खुल्या शेतात जन्मले. बैलांच्या एका नांगराने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन म्हणजे एकर, असा त्याचा परंपरेने चालत आलेला अर्थ. ‘फर्लांग’ हा शब्दही तेथलाच. नांगराच्या एका तासाची लांबी म्हणजे फर्लांग. पुढे ही मापे पक्की झाली. एक फर्लांग म्हणजे ६६० फूट आणि मोजणीची एक साखळी म्हणजे ६६ फूट. एक फर्लांग लांब आणि एक साखळी रुंद असा तुकडा म्हणजे एक एकर, अर्थात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकराचा मूळ आकार चौकोनी ठोकळ्यासारखा नाहीच. तो खुल्या शेतातील लांबट पट्टीचा आकार आहे.

आता आपला गुंठा पाहा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. ही ३३ फुटांची लांबी म्हणजे त्या ६६ फुटी साखळीची बरोबर अर्धी. असे ४० गुंठे मिळून पुन्हा तेच ४३,५६० चौरस फूट होतात. मराठी मुलखात पूर्वी बिघा, चाहूर अशी मापे होती. ब्रिटिश अमदानीत १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमीनमोजणी व सारापद्धती सुरू केली. तिच्याबरोबर एकर आपल्या दप्तरांत पक्का बसला. लॅक्स्टनच्या बैलांचा एक दिवसाचा श्रम अशा रीतीने आपल्या खातेउताऱ्यात येऊन पोहोचला.

पंच आणि पंचांचा दिवस

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लॅक्स्टनमध्ये राव आणि गाव दोघांनाही एकत्र बसविणारी एक सभा आहे. तिला ‘कोर्ट लीट’ म्हणतात. मध्ययुगात इंग्लंडच्या जमीनदारांची अशी न्यायालये ठिकठिकाणी होती. पुढे सरकारी न्यायालये आली आणि ही नाममात्र उरली. १९७७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार रद्द केले. त्यातून जी वगळण्यात आली त्यांत लॅक्स्टनचे कोर्ट लीट होते. जे न्यायालय अजून खरोखरीचे काम करीत होते त्याला संसदेनेही हात लावला नाही.

काम असे चालते. नोव्हेंबरच्या अखेरीस पंचांचा दिवस असतो. बारा पंच, म्हणजे गावचेच शेतकरी, त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतात जातात. पूर्वी पायी किंवा घोड्यावरून जात, आता ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून जातात. प्रत्येक पट्टीची हद्द पाहतात. खुंट हलले असतील तर पुन्हा नीट ठोकतात. कोणी नांगरताना सामाईक रस्त्यात किंवा गवताच्या पट्टीत शिरले आहे काय, कोणी आपल्या वाट्याचा चर उपसावयाचा ठेवला आहे काय, हे पाहून टिपून ठेवतात. मग सारे गावातील ‘डव्हकोट इन’ या गुत्त्यात जेवावयास बसतात आणि तेथे दंडाची यादी तयार होते.

त्यानंतर साधारण आठवड्याने, डिसेंबरच्या आरंभी, त्याच गुत्त्यात कोर्ट भरते. जमीनदाराच्या वतीने कारभारी अध्यक्षस्थानी असतो. बेलिफ पुकारा करतो. नावे वाचली जातात. पंचांनी सुचविलेले दंड मंजूर होतात. शेवटी पुढच्या वर्षासाठी नवे पंच निवडून त्यांना शपथ दिली जाते. दंडाची रक्कम मोठी नसते. दंडाचा खरा भार पैशाचा नसतोच. ज्या शेजाऱ्यांबरोबर वर्षभर वागायचे त्यांच्यासमोर आपले नाव वाचले जावे, हाच दंड.

यात मला एक गोष्ट विशेष वाटते. तपासणी करणारे पंच बाहेरून आलेले अधिकारी नसतात. त्यांच्या स्वतःच्या पट्ट्या त्याच शेतात असतात. आज जो दुसऱ्याचा खुंट तपासतो त्याचा खुंट उद्या दुसरा तपासणार असतो. शिवाय तपासणी दरवर्षी ठरलेल्या वेळी होते, तंटा होण्याची वाट पाहिली जात नाही. बांधाचा तंटा म्हणजे काय हे खेड्यातून आलेल्या कोणाही विद्यार्थ्याला सांगावयास नको. वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ बोलेनासे होतात, मोजणीचे अर्ज होतात, तारखा पडतात, आणि वीतभर जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा वकिलाला जातो. आमच्या नात्यातील दोन घरांत अशाच एका बांधापायी लग्नाकार्यालाही येणे-जाणे उरलेले नाही. तंटा कोर्टात जातो तोपर्यंत तो दहा-वीस वर्षे मुरलेला असतो. लॅक्स्टनमध्ये तो वर्षाच्या आत खुंटाशीच निस्तरला जातो.

कुंपणे आली

मग ही पद्धत इतरत्र गेली कशी? उत्तर एका शब्दात सांगावयाचे तर कुंपणाने. खुली शेते आणि सामाईक कुरणे यांची वाटणी करून प्रत्येकाला सलग तुकडा द्यावयाचा, त्याभोवती कुंपण घालावयाचे आणि सामाईक हक्क संपवावयाचे, ही प्रक्रिया इंग्लंडमध्ये कित्येक शतके चालली. आरंभी ती आपसांतील कराराने होई. पुढे ती संसदेच्या कायद्यांनी होऊ लागली. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूमी, त्यांच्याखाली आली. त्या काळी नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये असलेल्या हेल्पस्टन गावाचा असा कायदा १८०९ चा. शेतमजुराचा मुलगा असलेला कवी जॉन क्लेअर याच गावचा, आणि आपल्या गावच्या मोकळ्या रानाचे दुःख त्याच्या कवितेत सर्वत्र आहे.

कुंपणवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सलग जमिनीत नवी पिके घेता येतात, निचऱ्याची सोय करता येते, चांगली पैदास राखता येते. खुल्या शेतात एखाद्या हुशार शेतकऱ्याला काही नवे करावयाचे तर साऱ्या गावाला पटवावे लागे. हे खरेच होते. परंतु वाटणीच्या वेळी ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली. ज्याच्याकडे नुसती वहिवाट होती त्याचे काय? सामाईक रानात एखादी गाय चारणारा, चार बदके पाळणारा, सरपण गोळा करणारा मजूर पुष्कळ ठिकाणी रिकाम्या हाताने राहिला आणि निव्वळ मजुरीवर आला. बळी तो कान पिळी, दुसरे काय!

लॅक्स्टन यातून वाचले ते कोणाच्या पुण्याईने नव्हे. अठराव्या शतकात येथीलही काही भागाला कुंपणे पडली. पण पूर्ण वाटणीसाठी मालकांचे एकमत हवे होते, आणि येथे पिअरपॉन्ट घराण्याखेरीज दुसरा एक मोठा जमीनदार आणि कित्येक लहान मालक होते. अदलाबदलीचा हिशेब जुळेना. पुढे एकाच घराण्याकडे बरीचशी जमीन आली, तोवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची शेतीची मंदी आली होती आणि कुंपणावर पैसा घालणे परवडणारे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदार अर्ल मॅन्व्हर्स यांनी पट्ट्यांचे एकत्रीकरण करून त्यांची संख्या पुष्कळ कमी केली, पण खुली शेते मोडली नाहीत. मोठ्या लोकांचे आपसांत जमले नाही, म्हणून लहानांची पद्धत टिकली. इतिहासात असेही घडते.

१९३८ साली ऑर्विन दांपत्याने ‘दि ओपन फील्ड्स’ हा ग्रंथ लिहिला आणि लॅक्स्टनचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानात आले. १९५२ साली सहाव्या अर्ल मॅन्व्हर्स यांनी ही मिळकत सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकली. पद्धत टिकावी हा त्यामागील हेतू. १९८१ साली ती क्राउन इस्टेटकडे गेली. २०२० साली थोर्सबी इस्टेटने, म्हणजे पिअरपॉन्ट घराण्याच्या जुन्या मिळकतीने, ती पुन्हा विकत घेतली. मालक बदलत गेले तरी पंचांचा दिवस चुकला नाही.

नाण्याची दुसरी बाजू

लॅक्स्टनचे वर्णन वाचून ‘काय हे सुवर्णयुग!’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. या गावातील बहुतेक शेतकरी कुळे होती आणि आजही आहेत. जमीन कसणाऱ्याची, खंड मालकाला. ज्याला पट्टी नाही त्या मजुराला गावकारभारात स्थान नव्हते. इंग्लंडच्या अशा जुन्या दप्तरांत बाईचे नाव खातेदार म्हणून येते ते बहुधा विधवा म्हणून. नवरा असेतो ती शेतात राबली असेलच, पण कागदावर ती नाही. सामाईक पद्धत म्हणजे सर्वांची समानता नव्हे. ज्यांचा वाटा आहे त्यांनी एकमेकांच्या वाट्याचा मान राखावा, एवढाच तिचा दावा होता. तेवढा मात्र तिने पाळला.

आपल्याकडील तुकड्यांची आणि तेथील पट्ट्यांची सरमिसळही करू नये. आपली जमीन वारसावाटपाने पिढ्यान्‌पिढ्या तुटत गेली. ते थांबविण्यासाठी १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. तेथील पट्ट्या उलट काळाबरोबर मोठ्या होत गेल्या. पट्ट्या जोडल्या गेल्या आणि शेतकरी कमी झाले.

आज गावापुढचा खरा प्रश्न हाच आहे. यंत्रे मोठी झाली, त्यांना लांब-रुंद शेत लागते. पाचशे एकरांवर पूर्वी जितकी घरे जगत तितकी आता जगत नाहीत. खुल्या शेतातील शेतकऱ्यांना बाहेरची बंदिस्त जमीनही कसावी लागते. मुले शिकून शहरात जातात, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही, आपण येथे बसलो आहोत तेच त्यामुळे. गावात पाहुण्यांसाठी माहितीकेंद्र आहे, पण केंद्राने शेत नांगरले जात नाही. बारा पंच निवडण्यासाठी बारा शेतकरी हवेत. पद्धतीला धोका आता कुंपणाचा नाही, माणसांच्या उणिवेचा आहे.

म्हणून लॅक्स्टनकडे पाहावयाचे ते जुनी वस्तू म्हणून नव्हे. एका मोकळ्या शेतात अनेकांचा वाटा असू शकतो, हद्द राखण्याचे काम शेजारी आपसांत करू शकतात, आणि ते एकदा ठरवून भागत नाही, दरवर्षी शेतात जाऊन पुन्हा करावे लागते, हे त्या गावाने शतकानुशतके करून दाखविले आहे. खुंट मातीत कुजतो, सैल होतो, नांगराने हलतो. तो हलणारच, हे गृहीत धरून त्यांनी वर्षातला एक दिवस राखून ठेवला. यंदाचे कोर्ट उठते त्या वेळी पुढच्या वर्षीच्या पंचांनी शपथ घेतलेली असते. पुढचे शेत कोणते हे त्यांना ठाऊक असते.